गाडीत माझा शब्द

३ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून ही वही. रोज चार ओळी लिहायच्या. काय केलं, कोण भेटलं, डोकं दुखलं की नाही. डोक्यात चढलेला ताप जाऊन सव्वा महिना झाला. पण त्यांच्या मते हा ताप निघून गेल्यावरही दारात घुटमळणाऱ्या पाहुण्यांतला आहे. मी म्हटलं, जन्मभर लोकांना शिकवत आलो आणि आता मलाच गृहपाठ? त्या हसल्या नाहीत.

मग चित्रं दाखवली. छत्री, शिडी, चमचा, कुलूप. एका चित्रावर आमचं जमलं नाही. चित्र कुलपाचं आणि मी चावी म्हणालो म्हणे. चावी काय नि कुलूप काय, एकाच घरातली माणसं. ही शेजारी बसली होती. तिने मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट धरून ठेवले होते.

निघताना कागदावर लिहून दिलं, 'तीन महिने गाडी चालवू नये.' घरी येईपर्यंत मी हिला समजावत होतो की हा नियम मला लागूच होत नाही. सत्तावीस वर्षं मी गाडी शिकवतो, त्यात चालवतो कुठे? चालवतात शिकणारे. मी शेजारी बसतो. आणि बसायला कागदावर कुठेही मनाई नाही.

९ मार्च, सोमवार

शिकवणी सुरू केली. आमच्या म्हातारीवर, म्हणजे गाडीवर, दोन महिन्यांची धूळ बसली होती. पण पहिल्याच चावीला उठली. माझ्यापेक्षा तिची तब्येत बरी म्हणायची. तिला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक माझ्या. पुढे-मागे 'शिकाऊ'ची पाटी, ती मी स्वतः रंगवलेली.

पहिला तास टाचणीबाईंचा. हे नाव मी ठेवलेलं, तोंडावर म्हणत नाही. शिवणकामाचं दुकान आहे त्यांचं, तोंडात सदा टाचण्या. वय अठ्ठेचाळीस, परीक्षेत दोनदा नापास. त्यांची आई शेजारच्या गावात असते, आणि आठवड्यातून दोनदा तिचं रक्त यंत्रावर शुद्ध करून आणावं लागतं. बसने दवाखान्यात जायला दोन तास, यायला दोन. येताना आई उलट्या करते. बाईंना गाडी मिरवायला नको आहे, आईला मागच्या सीटवर आडवं करता यावं एवढ्यासाठी हवी आहे. तिसरी परीक्षा तीस तारखेला.

माझे नियम दोनच. पहिला, गाडीत मानपान नाही. खाली उतरल्यावर अहो-जाहो, आत नुसतं 'दाब' आणि 'सोड'. 'ताई, जरा ब्रेक दाबता का' म्हणेपर्यंत समोरचा माणूस बोनेटवर आलेला असतो. दुसरा, गाडीत माझा शब्द. तुमचं डोकं परीक्षा पास झाल्यावर वापरा, तोवर घरी ठेवून या. पहिल्या दिवशी हे ऐकून सगळे हसतात. टाचणीबाई हसल्या नव्हत्या, त्यांनी मान हलवली होती. दाब म्हटलं की दाबतात, सोड म्हटलं की सोडतात. असा विद्यार्थी मिळायला नशीब लागतं.

दोन तासांनंतर इतका दमलो की जिन्यात मधेच बसलो. हिला सांगितलं नाही.

१३ मार्च, शुक्रवार

वकील आज भांडला. हा माझा दुसरा विद्यार्थी, तिशीचा, खरोखरचा वकील. चौकात मी डावीकडे म्हणालो आणि पठ्ठ्या उजवीकडे वळला. मागचा टेम्पो कर्णकर्कश ओरडला. वर मलाच म्हणतो, "मास्तर, तुम्ही उजवीकडे म्हणालात."

"सत्तावीस वर्षांनी मला डावं-उजवं कळत नाही का?"

"कळत असेल. पण म्हणालात उजवीकडे."

यांना वाद घालायचीच सवय. उद्यापासून येत नाही म्हणाला. नको येऊस. नाचता येईना, अंगण वाकडं.

१५ मार्च, रविवार

लेक टिकलीला आमच्याकडे सोडून गेली. नात आता सहा वर्षांची झाली, तोंड साठ वर्षांचं आहे. तिने नवा खेळ काढला आहे, 'उलटं-उलटं'. आजोबा सांगतील त्याच्या उलट करायचं. खेळ असा, की मी म्हणतो खिडकी लाव, ती जाऊन खिडकी लावते आणि जिंकल्यासारख्या टाळ्या पिटते. यात उलटं काय झालं, ते मला काही कळलं नाही. मीही टाळ्या पिटल्या.

हिने स्वयंपाकघरातून आवाज दिला, "टिकले, पुरे! पुन्हा हा खेळ खेळायचा नाही." उगीच पोरीवर ओरडली. हल्ली जरा चिडचिडी झाली आहे. आजारी मी होतो, दमली ती असणार.

१९ मार्च, गुरुवार

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. पूर्वी हिच्याकडे एक वस्तू मागितली की तीन प्रश्न यायचे. आता मी नुसतं तोंड उघडतो आणि ही उठते. पंखा लागतो, दिवा मालवतो, चष्मा हातात येतो. मी काय बोललो याकडे बघतही नाही, माझ्या तोंडाकडे बघते. आजारपणात माणसाची किंमत कळते म्हणतात ते खोटं नाही.

संध्याकाळी म्हणाली, "अजून महिनाभर थांबला असतात तर?"

"अगं, मी काय गाडी चालवतो का?"

"चालवत नाही. पण बोलता ना."

"बोलायला काय जातं?"

यावर ती उठली. मग कपडे वाळले का बघते म्हणून गच्चीवर गेली. दोरीवर कपडे नव्हतेच.

२४ मार्च, मंगळवार

आज लिहवत नाही. टाचणीबाईंच्या हातून अपघात झाला. घड्याळजी जिवंत आहेत.

२५ मार्च, बुधवार

जसं झालं तसं लिहून ठेवतो.

वाचनालयाचा उतार. खाली पांढरे पट्टे. सकाळचे साडेदहा, लख्ख ऊन, रस्त्याला गर्दी नाही. घड्याळजी आपली पत्र्याची पेटी घेऊन पट्ट्यांवरून निघाले होते. चाळीस वर्षं ते याच वेळेला दुकान उघडतात. माझ्या हातातलं घड्याळही त्यांनीच तीनदा जिवंत केलेलं. मला ते लांबून दिसले. गाडी हळू व्हायला लागली होती. मी 'दाब' म्हणालो. नुसता म्हणालो नाही, ओरडलो. दोनदा ओरडलो. आणि गाडी एकदम सुटली. बाईंनी ब्रेकवरचा पाय उचलला होता.

माझा पाय माझ्या ब्रेकवर गेला. पण गाडी आधी पोचली.

वेग फार नव्हता म्हणून माणूस वाचला. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. पेटी फुटून बारीक चाकं, खिळे, काटे रस्ताभर पसरले आणि घड्याळजी रस्त्यावर पडल्या पडल्या डाव्या हाताने ते गोळा करत होते. बाई गाडीतून उतरल्याच नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, जसे मी ठेवायला शिकवले तसेच.

चौकीत त्या म्हणाल्या, "मला 'सोड' ऐकू आलं." हवालदाराने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मी 'दाब' म्हणालो." बाईंनी समोरचा कागद जवळ ओढला. मग म्हणाल्या, "मास्तर म्हणताहेत तर 'दाब'च म्हणाले असतील. मीच उलटं ऐकलं असेन." तसं लिहून त्यांनी सही केली. शिकाऊ परवाना तिथेच काढून घेतला.

मी जे खरं तेच सांगितलं. तरी जेवण गेलं नाही. हिने एकदाच विचारलं, "नक्की 'दाब' म्हणालात?" मी इतका चिडलो की ताट सरकवलं. ती ते उचलून आत गेली. बराच वेळ आतून नुसता पाण्याचा आवाज येत होता.

२८ मार्च, शनिवार

माझ्या बाजूचा ब्रेक गॅरेजमध्ये तपासून घेतला. मेकॅनिक माझाच जुना विद्यार्थी, गाडीखालून बाहेर आला आणि म्हणाला, "ब्रेक ठणठणीत आहे मास्तर. पाय पडला की लागतो."

"पाय होता माझा."

"असेल," तो म्हणाला, आणि फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

पूर्वी माझा पाय माझ्याआधी जायचा. डोळ्यांना दिसायच्या आत पायाला कळायचं. आता मी त्याला सांगतो, मग तो जातो. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. कुणाला बोललेलो नाही.

३० मार्च, सोमवार

आज बाईंची परीक्षा असती.

सकाळी दवाखान्यात घड्याळजींना भेटून आलो. प्लास्टरमधून बाहेर आलेली दोन बोटं मला दाखवली. "ही दोन माझी वाटत नाहीत. टोचलं तरी कळत नाही." डॉक्टर म्हणतात बघू. चिमटा धरता येईल का असं त्यांनी विचारलं तेव्हाही डॉक्टर 'बघू'च म्हणाले. नंतर मलाच म्हणतात, "त्या बाईंना सांगा, माझा राग नाही. घाबरल्या असतील बिचाऱ्या. एका सेकंदाचा तर प्रश्न होता."

निरोप लगेच पोचवावा म्हणून तसाच दुकानात गेलो. बाई मशीनसमोर बसल्या होत्या, पण मशीन बंद. म्हणाल्या, "शिवायला घेतलं की पायडलवरून पाय आपोआप उचलला जातो. दाबायचं की सोडायचं, तेच कळेनासं होतं." घड्याळजींचा निरोप सांगितला तर रडल्या. मग टेबलाच्या खणातून एक कागद काढून मला दाखवला. कान तपासून आल्या होत्या. "कान चांगले आहेत म्हणतात मास्तर. म्हणजे डोक्यातच काहीतरी बिघडलं असणार. आता गाडी नाहीच. आईला सवय झाली आहे बसची."

मी म्हटलं, "मनाला लावून घेऊ नका. वयाने होतं असं."

चांगल्या मनाने म्हणालो. पण रस्ताभर ते वाक्य तोंडात कडू लागत होतं.

५ एप्रिल, रविवार

आजचं आजच लिहितो.

टिकली न्हाणीघरात खेळत होती. बादली भरून वाहायला लागली. मी दारातून म्हणालो, "टिकले, नळ बंद कर." तिने नळ आणखी सोडला. मी ओरडलो, "बंद कर म्हणतो ना!" तिने दोन्ही हातांनी फिरवून पूर्ण सोडला. पाणी खोलीत आलं. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. आयुष्यात पहिल्यांदा.

ती रडत ओरडली, "तुम्हीच म्हणालात सोड! दोनदा म्हणालात! आज मी खेळत नव्हते! आजीने सांगितलं तो खेळ नाही खेळायचा, म्हणून तुम्ही म्हणालात तस्संच केलं!"

ही दारात उभी होती. मी विचारलं, "मी काय म्हणालो?"

ती आधी नळ बंद करायला गेली. पाठमोरीच म्हणाली, "सोड."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

पोरीला जवळ घेऊन शांत केलं. ती खेळायला गेल्यावर आम्ही दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो. मी म्हटलं, "कधीपासून?"

"तापातून उठलात तेव्हापासून. रोज नाही होत. दमलात की होतं. घाई असली की होतं. लाव म्हणायचं तर मालव म्हणता. वर म्हणायचं तर खाली."

"आणि तू?"

"मला कळतं ना तुम्हाला काय हवं ते. चौतीस वर्षांनी शब्द लागतात कशाला?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"एकदा सांगितलं होतं. दवाखान्यातून आल्यावर, दुसऱ्याच दिवशी. तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलात, दोन दिवस बोलला नाहीत." मला यातलं काही आठवत नाही. "म्हटलं, घरातल्या घरात आहे, घरातच सांभाळू. झाकली मूठ."

"आणि गाडीत?"

ती रडायला लागली. "थांबा म्हटलं होतं हो मी. पण का, ते सांगायचं धाडस झालं नाही. त्या दिवशी तुम्ही चौकीतून आलात ना, मला तेव्हाच कळलं होतं. रोज सकाळी ठरवायचे आज सांगीन."

तिच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. घरात मी चुकीचं बोललो तरी बरोबर घडत होतं, कारण इथे माझ्या मनाकडे बघणारं माणूस होतं. तिकडे बाईंनी माझा शब्द ऐकला. वकिलानेही ऐकला होता. माझ्या जिभेवर विश्वास ठेवायचा, हे मीच त्यांना शिकवलं. गाडी हळू व्हायला लागली होती, असं याच वहीत पंचवीस तारखेला मी लिहिलं आहे. उतारावर आपोआप कशी हळू होईल? बाईंनी ब्रेक दाबला होता. मी म्हणायच्या आधी दाबला होता.

६ एप्रिल, सोमवार

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांना नवल वाटलं नाही. जीभ घाईत शेजारचा शब्द उचलते आणि कानांना मात्र मनातलाच ऐकू येतो, असं म्हणाल्या. माझ्या बाबतीत तरी असंच असावं. "कमी होईल, पण वेळ लागेल." मग माझा जुना कागद पुढे ओढला. 'गाडी चालवू नये' याच्यापुढे पेनाने लिहिलं, 'व शिकवू नये'. एवढे तीन शब्द आधी असते, तरी मी त्यांतून पळवाट काढलीच असती.

दुपारी घराबाहेरची पाटी काढली. मग जबाब लिहायला बसलो. लिहिताना शब्द सहसा चुकत नाहीत, हळू जातात म्हणून. तरी हिने एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं आणि प्रत्येक ठिकाणी विचारलं, "हेच म्हणायचं आहे ना?"

७ एप्रिल, मंगळवार

सकाळी चौकीत जबाब दिला. हवालदार म्हणाला, आधीचा जबाब बदलायला बाईंनाही यावं लागेल. परवान्याचं पुढे बघू. तिथून दवाखान्यात गेलो. घड्याळजींनी कागद वाचला, परत दिला आणि खिडकीकडे बघत राहिले. या वेळी राग नाही असं म्हणाले नाहीत.

मग बाईंच्या दुकानात. कागदाची एक प्रत खिशात होती. पण कागद टेबलावर टाकून पळणाऱ्यांतला मी नाही, तोंडाने सांगायचं असं ठरवून गेलो होतो. ही बरोबर होती. बाईंच्या तोंडात टाचण्या, हातात कुणाचीतरी बाही. मी बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो, "बाई, त्या दिवशी चूक माझी होती."

बाईंनी मान खाली घातली. टाचण्यांमधूनच म्हणाल्या, "हो मास्तर. माहीत आहे मला."

मला वाटलं, झालं. एवढं सोपं होतं आणि एवढे दिवस. छाती मोकळी झाली. मी खुर्ची ओढली.

तेवढ्यात ही म्हणाली, "अहो. 'चूक तुमची होती' म्हणालात तुम्ही त्यांना."

चौतीस वर्षांत हिने चारचौघांत माझा शब्द खोडला नव्हता. मी पुन्हा सुरुवात केली. अर्ध्यावर थांबलो. पुन्हा केली. तोंडातून कोणता शब्द जातो आहे ते मला कळत नव्हतं, दोघींच्या चेहऱ्यांवरून ओळखायला बघत होतो. शेवटी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिलो. दुसऱ्या हाताने कागद पुढे केला.

बाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून टेबलावरच्या छोट्या गादीला टोचल्या. कागद दोनदा वाचला. "म्हणजे मला नीट ऐकू आलं होतं."

मी मान हलवली.

"आणि मी दाबला होता. आधीच."

मी मान हलवली. बाई रडल्या नाहीत. पायडलकडे बघत बसल्या. मग माझ्याकडे बघून विचारलं, अगदी शांतपणे, तासाला शंका विचारायच्या तसं, "मला समोर माणूस दिसत होता, मास्तर. पाय ब्रेकवर होता. मग तुम्ही सोड म्हणालात म्हणून मी सोडला कशाला?"

याचं उत्तर मला येत होतं. पहिल्याच दिवशी मीच ते शिकवलं होतं. पण तोंड उघडायची हिंमत झाली नाही.

घरी येताना वाचनालयाच्या पट्ट्यांवर हिने माझा हात धरला. मी काहीतरी म्हणालो. थांब म्हणालो की चल म्हणालो, मला माहीत नाही. तिने दोन्हीकडे नीट बघून घेतलं आणि मगच आम्ही रस्ता ओलांडला.